हलव्याचे दागिने ते चॉकलेटचा मनोरा

दिवाळीच्या दिवसांत दुबईत, शारजात किंवा अबू धाबीत कोणत्याही मराठी घरी जा. फराळाच्या ताटाशेजारी हल्ली आणखी एक गोष्ट मांडलेली दिसते. सोनेरी, लाल, जांभळ्या कागदांतली चॉकलेटे रचून केलेला मनोरा, कमळ, पणती, क्वचित मोरसुद्धा. पाहुणे आधी त्याचा फोटो काढतात आणि मग चकलीकडे वळतात. आमच्या पिढीतल्या काहींना ते खटकते. "दिवाळी आहे की ख्रिसमस?" हा शेरा मी अनेक घरांत ऐकला आहे. ज्या सुनेने किंवा नातीने दोन रात्री जागून ते रचलेले असते, ती तो ऐकते आणि गप्प बसते.

वाचकहो, आयुष्यभर इतिहास शिकवल्यामुळे "हे आपले नाही" असे वाक्य कानावर पडले की मला आधी विचारावेसे वाटते, कधीपासून? म्हणून या वेळी मंडळाच्या अंकासाठी लिहायला बसलो तो याच मनोऱ्यावर. विषय हलका वाटेल, पण त्या गप्प बसलेल्या मुलीच्या बाजूने बोलण्यासारखे पुष्कळ आहे.

खाण्याच्या वस्तूंची आरास मांडण्याची आपल्याकडची सर्वांत ठसठशीत जागा म्हणजे लग्नातले रुखवत. मुळात रुखवत म्हणजे खाणेच. मुहूर्ताआधी वधूपक्षाने वराच्या जानवसघरी वाजतगाजत नेलेला फराळ. लाडू, करंज्या, चिरोटे, अनारसे. नेताना चार लोक बघणार, म्हणून लाडू नेहमीपेक्षा मोठे, करंज्यांना मुरड बारीक, कुरडया-पापड्या रंगीत. मग त्यात शोभेच्या वस्तू शिरल्या. सुपारीच्या बाहुल्यांचे वऱ्हाड, खारका-बदामांची माणसे, खोबऱ्याच्या वाट्यांचे तुळशीवृंदावन. शेजारी पुठ्ठ्यावर सुवाच्य अक्षरांत उखाणे. हे सारे करणाऱ्या बायकांची नावे कुठेही लिहिलेली नसत, पण गावात सर्वांना ठाऊक असे की अमक्या काकूंचा हात सुपारीला बसलेला आहे आणि तमक्या मावशींचा सांडग्याला.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात या रुखवतात गोळ्या-बिस्किटे आली. बिस्किटांच्या भिंती, वेफर्सचे छप्पर, रंगीत गोळ्यांची बाग. राजा मंगळवेढेकरांचे चॉकलेटच्या बंगल्याचे बालगीत आमच्या मुलांच्या तोंडी होते, आणि तसा बंगला खरोखरच लग्नाच्या कार्यालयात टेबलावर उभा असे. मुलांचा डोळा त्यावर आणि मुलांवर एखाद्या आत्याचा. तेव्हा दिवाळीतल्या चॉकलेटच्या मनोऱ्याला नातेवाईक शोधायचाच असेल तर ख्रिसमसच्या झाडाकडे धावण्याआधी रुखवताच्या टेबलाकडे पाहा.

रुखवताची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे, नाहीतर मी इतिहास सांगत नसून आठवणींना तूप लावत बसलो आहे असे होईल. रुखवत ही वधूपक्षाची कला होती तशी वधूपक्षाची सक्तीही होती. खाऊच्या शेजारी पितळी भांडी आली, मग स्टीलची, मग मिक्सर, मग कपाट. १९६१ साली हुंडाबंदीचा कायदा झाला तरी 'हौसेने दिले' या दोन शब्दांच्या आड पुष्कळ काही टेबलावर येत राहिले. सुपारीच्या बाहुल्यांचे कौतुक करणारे डोळेच शेजारची भांडीही मोजत. आज तुमच्या घरी दिवाळीला जो मनोरा उभा राहतो तो कोणी कोणाकडून वसूल केलेला नाही. मला तरी ही सुधारणा वाटते.

आता संक्रांतीकडे या. नव्या सुनेला पहिल्या संक्रांतीला काळी साडी आणि हलव्याचे दागिने. तान्ह्या बाळाला बोरन्हाणाच्या वेळी हलव्याचा मुकुट, बासरी, बाजूबंद. हा हलवा करणे म्हणजे काय कष्ट असतात ते आईच्या शेजारी बसून पाहिलेल्यांना ठाऊक आहे. परातीत तीळ, खसखस किंवा साबुदाणा घ्यायचा, परात मंद शेगडीवर, चमच्याने थोडा थोडा पाक घालायचा आणि बोटांनी सतत हलवत राहायचे. पाक जास्त पडला तर गोळा होतो, आच वाढली तर काटा मोडतो. दिवसचे दिवस हे चालते तेव्हा दाण्यावर पांढरे शुभ्र काटे उभे राहतात. मग ते दाणे दोऱ्यात गुंफून, सोनेरी कागद चिकटवलेल्या पुठ्ठ्यावर बांधून त्यांचे मंगळसूत्र होते. खाण्याची वस्तू, चमकीचा कागद, पुठ्ठा आणि दोरा. चॉकलेटच्या मनोऱ्याला तरी याहून वेगळे काय लागते?

तरुण वाचकांनो, 'हलवा' हा शब्द तुम्ही इथे शाळेतल्या अरबीच्या तासाला ऐकला असेल. अरबीत 'हलवा' म्हणजे गोड पदार्थ. इथल्या मिठाईच्या दुकानांवर 'हलवियात' असे लिहिलेले असते. आपल्या इतक्या घरगुती, इतक्या मराठी दागिन्यांच्या नावात अरबी शब्द बसला आहे. उलटीकडून पाहा. संस्कृतातल्या 'शर्करा'चे फारसीत 'शकर' आणि अरबीत 'सुक्कर' झाले, आणि तिथून ती युरोपभर गेली. 'खंड'चे 'कंद' झाले आणि पुढे इंग्रजीत 'कँडी'. म्हणजे तुमची मुले ज्याला कँडी म्हणतात तो आपला शब्द आणि आपण ज्याला हलवा म्हणतो तो त्यांचा. या समुद्राच्या दोन्ही काठांनी एकमेकांना गोडाची उसनवारी शेकडो वर्षे केली आहे, आणि हिशेब कधीच मिटवलेला नाही.

आरास करण्यातही अरबी जग मागे नव्हते. नासिर खुसरो नावाचा फारसी कवी आणि प्रवासी अकराव्या शतकाच्या मध्यावर कैरोत राहिला होता. फातिमी सुलतानाच्या ईदच्या मेजवानीची तयारी पाहून त्याने आपल्या प्रवासवर्णनात लिहून ठेवले आहे की तिथे एक संत्र्याचे झाड होते, आणि त्याच्या फांद्या, पाने, फळे सगळी साखरेची होती. सोबत साखरेच्याच कितीतरी मूर्ती. युरोपातल्या राजेरजवाड्यांच्या मेजांवर साखरेचे किल्ले आणि हंस गाजले, ते त्यानंतर. टेबलाच्या मधोमध खाऊचे झाड उभे करायची कल्पना पश्चिमेकडून आली असे ज्यांना वाटते त्यांनी हे कैरोचे झाड लक्षात ठेवावे.

चॉकलेट मात्र खरोखर दूरचे. मेक्सिकोतून स्पेनमध्ये गेले ते पेय म्हणून. १८२८ साली ॲमस्टरडॅमच्या व्हॅन हाऊटेन यांच्या यंत्राने कोकोतले लोणी वेगळे करता येऊ लागले, १८४७ साली ब्रिस्टलच्या फ्राय कंपनीने खाण्याजोगी वडी पाडली, १८७५ साली स्वित्झर्लंडमध्ये डॅनियल पीटर यांनी त्यात दूध मिसळले. ही सनावळी परीक्षेला येणार नाही, पुढे चला.

आपल्या दृष्टीने महत्त्वाचे आहे ते कोकोच्या लोण्याचे वितळणे. ३० अंशांच्या पुढे चॉकलेट मऊ पडू लागते आणि ३४ अंशांच्या आसपास ते लोणी वितळते, आपल्या शरीराच्या उष्णतेहून थोडे आधीच. म्हणून तर ते जिभेवर विरघळते, आणि म्हणूनच आमच्या लहानपणी उन्हाळ्यात ते खिशातही विरघळे. महाराष्ट्रात आधी राज्य केले ते उकळत्या साखरेच्या कडक गोळीने. १९२९ साली मुंबईच्या विलेपार्ल्यात सुरू झालेल्या पार्लेच्या कारखान्याने आरंभ गोळ्यांनीच केला, बिस्किटे दहा वर्षांनी आली. वालचंद हिराचंद यांनी मालेगावजवळ रावळगाव इथे १९३३ साली साखर कारखाना काढला आणि १९४० च्या सुमारास तिथे गोळ्या होऊ लागल्या. आमच्या पिढीला 'रावळगाव' हे आधी गोळीचे नाव म्हणून कळले, गाव म्हणून नंतर. ते नाव २०२४ साली रिलायन्सने विकत घेतले. कॅडबरी भारतात आली १९४८ साली, आणि मराठीत 'कॅडबरी' हा शब्द कोणत्याही कंपनीच्या चॉकलेटला लागू झाला, वनस्पती तुपाला 'डालडा' लागू झाला तसा.

आणि कागद! मनोऱ्याची खरी गंमत चॉकलेटात नाही, कागदात आहे. पारदर्शक सेलोफेन हा जाक ब्रांडेनबर्गर या स्विस माणसाचा विसाव्या शतकाच्या आरंभीचा शोध. ॲल्युमिनियमची पातळ पन्नीही त्याच सुमारास स्वित्झर्लंडमध्ये चॉकलेटभोवती आली. या दोन कागदांमुळे चॉकलेट हाताला न चिकटता रचता येऊ लागले, आणि शिवाय रंगीत झाले. आम्ही त्या पन्नीला 'चांदी' म्हणायचो. नखाने घासून सपाट करायची आणि वहीत जपून ठेवायची. रंगीत सेलोफेनला आपण का कोण जाणे 'जिलेटीन' म्हणतो, आणि तेच जिलेटीन कामट्यांवर ताणून आपला आकाशकंदील होत असे. म्हणजे चॉकलेटचे वेष्टन दिवाळीत आधीच येऊन लटकले होते, आत चॉकलेट नव्हते इतकेच.

आखाताचा अध्याय तुमच्यापैकी अनेकांनी स्वतःच वाहून नेला आहे, सामानाच्या पेटीतून. इंग्लंडच्या हॅलिफॅक्स गावी मॅकिंटॉश कंपनीने १९३६ साली 'क्वालिटी स्ट्रीट' नावाचा डबा काढला. उंची चॉकलेटांच्या पेट्यांत प्रत्येक नगाला वेगळा खण असे आणि त्यामुळे किंमत वाढे. मॅकिंटॉशने खण काढून टाकले, प्रत्येक चॉकलेटाला वेगळ्या रंगाचा कागद गुंडाळला आणि सगळे एकाच पत्र्याच्या डब्यात भरले. आखातात हा डबा 'मॅकिंटॉश' याच नावाने ओळखला गेला. सुट्टीला गावी जाताना तो नेला नाही तर दुबईला होतास की नाही अशी शंका घेतली जाई. चॉकलेटे आठवड्यात संपत, डब्यात पुढे सुया-दोरे, शेवया किंवा रेशनकार्ड राहत असे, आणि कागद बोरन्हाणाच्या किंवा रुखवताच्या सजावटीत जात. रत्नागिरी-सिंधुदुर्गातल्या घरांच्या फडताळांत असे डबे अजून सापडतील.

दुबईनेही मग आपले चॉकलेट केले. २००८ साली अल नस्मा कंपनीने उंटिणीच्या दुधाचे चॉकलेट आणले. २०२१ साली सुरू झालेल्या फिक्स या दुकानाची पिस्ता आणि कुनाफा भरलेली वडी 'दुबई चॉकलेट' म्हणून जगभर गेली, आणि आता पुण्यातले भाचे आपल्याकडे तीच मागतात. रचलेल्या चॉकलेटांची तबके भेट देण्याची चाल मात्र इथे त्याआधीची. बैरूतमध्ये १९७४ साली निघालेल्या पॅची या दुकानाने ती अरब शहरांत रूढ करायला बराच हातभार लावला. बाळ जन्मले, साखरपुडा झाला, ईद आली की अशी तबके दिसतात. रमजानच्या आधी पंधरवडाभर 'हक्क अल लैला'ला इथली मुले नक्षीच्या पिशव्या घेऊन घरोघर गोळ्या-चॉकलेटे आणि दाणे गोळा करतात, ते तुमच्या मुलांनी शाळेत पाहिलेच आहे. दिवाळीचा मनोरा या शेजाराकडूनही काही शिकला असेल तर त्यात लाज कसली?

मला खटकते ते वेगळेच. दुकानातून तयार तबक आणून मांडणे, किंमतीची चिठ्ठी तेवढी काढून. त्यात कोणाचाच हात नाही. रुखवताच्या टेबलावर खर्च कोणाचा, असा प्रश्न आपण विचारला; मग चॉकलेटबाबतही विचारायला हवा. जगातला निम्म्याहून अधिक कोको आयव्हरी कोस्ट आणि घाना या दोन देशांतून येतो, आणि तिथल्या मळ्यांत लहान मुले राबतात. २००१ साली मोठ्या कंपन्यांनी हे थांबवण्याचा करार केला, तरी ते थांबलेले नाही. घरातल्या मोठ्या मुलांना पाकिटावरची बारीक अक्षरे वाचायला सांगा. ती आपल्यापेक्षा चांगली वाचतात.

करून पाहणार असाल तर थोडे व्यवहाराचे, घरातल्या करणाऱ्यांकडून ऐकलेले. पाया थर्माकोलचा नको. महाराष्ट्रात तर २०१८ पासून सजावटीच्या थर्माकोलवर बंदीच आहे. जाड पुठ्ठ्याचा शंकू करा आणि आत वर्तमानपत्राचे बोळे ठासा. गरम डिंकाची पिचकारी चॉकलेटाला लावू नका, आतले वितळते. दुहेरी चिकटपट्टी पुरते. दोन्ही टोकांना पीळ असलेली चॉकलेटे पाकळ्यांना चांगली, पन्नीतली गोल चॉकलेटे पायथ्याला. रांग खालून वर चढवत न्या. मनोरा बाल्कनीतल्या किल्ल्याशेजारी ठेवू नका, नोव्हेंबरातही दुपारचे ऊन त्याला पुरते, आणि पणत्यांपासून हातभर लांबच असू द्या. पाडव्याला मुलांना तो उतरवायला सांगा. सुरुवात मागच्या बाजूने, म्हणजे भाऊबीजेच्या पाहुण्यांना पुढून तो पुरा दिसेल.