फुटलेली काच, फाटलेला कॅनव्हास

आपल्याकडे मूर्ती खंडित झाली की पूजेतून काढून तिचे विसर्जन करतात. आधुनिक कलाकृती भंगली, तर तिचे कलापण उरते का? विसाव्या शतकातील दोन घटना या प्रश्नासाठी एकत्र वाचाव्यात.

मार्सेल द्युशाँ यांनी १९१५ ते १९२३ या काळात काचेच्या दोन मोठ्या तावदानांवर तैलरंग, शिसे आणि चक्क साचलेली धूळ वापरून 'द लार्ज ग्लास' ही कृती घडवली, आणि ती अपूर्णच सोडली. ब्रुकलिनच्या प्रदर्शनाहून परतताना दोन्ही तावदाने तडकली. १९३६ मध्ये द्युशाँ यांनी स्वतः बसून तुकडे जुळवले. भेगा लपवण्याऐवजी त्यांनी त्या आपल्याशा केल्या. फिलाडेल्फियाच्या संग्रहालयात ही काच आजही भेगांसह उभी आहे.

येथे निर्णय द्यायला कलावंत हयात होता. बार्नेट न्यूमन यांच्या चित्राला ते भाग्य लाभले नाही.

'हूज अफ्रेड ऑफ रेड, यलो अँड ब्लू' मालिकेतील तिसरे चित्र सुमारे साडेपाच मीटर रुंद, आणि जवळजवळ सगळे लाल. मोठी चित्रे जवळून पाहावीत, असा न्यूमन यांचा आग्रह असे. जवळ गेल्यावर त्या लाल रंगाची खोली जाणवे. ते १९७० मध्ये निवर्तले. २१ मार्च १९८६ रोजी अॅमस्टरडॅमच्या स्टेडेलिक संग्रहालयात एका प्रेक्षकाने चाकूने हे चित्र चिरले.

दुरुस्तीसाठी ते न्यूयॉर्कला गेले आणि १९९१ मध्ये परतले. चिरा दिसत नव्हत्या. पण जाणकारांना तो लालही ओळखू येईना. प्रयोगशाळेच्या तपासणीत मूळ रंगावर नवा रंग चढल्याचे आढळले. दुरुस्ती करणाऱ्याने आरोप फेटाळले, वाद न्यायालयापर्यंत गेला.

माझ्या मते चाकूने चित्र जखमी झाले होते, संपले नव्हते. चिरांच्या मधला प्रत्येक इंच न्यूमन यांचाच होता. तो झाकला गेला तो जीर्णोद्धारात. जुन्या मंदिरातील शिल्पांवर ऑइलपेंट फासलेला ज्यांनी पाहिला आहे, त्यांना हे दुःख वेगळे समजावून सांगायला नको.

१९९७ मध्ये तोच हल्लेखोर पुन्हा तेथे आला आणि त्याने न्यूमन यांचेच 'कथीड्रा' हे निळे चित्र चिरले. या खेपेस संग्रहालयाने घाई केली नाही. काही वर्षे खर्चून कापडाच्या चिरा बारकाईने सांधण्यात आल्या.