रस्त्याची रेषा

लोणारचे सरोवर पाहावयास निघालो असता सुलतानपूरच्या फाट्यावर आम्ही घटकाभर थांबलो होतो. बुलढाणा जिल्ह्यातील हे गाव मेहकरहून सिंदखेडराजाकडे जाणाऱ्या हमरस्त्यावर वसले आहे, आणि लोणारची वाट येथूनच फुटते. चहाच्या टपरीवर रस्तारुंदीचा विषय निघाला. टपरीवाला वयस्कर होता. भांडे विसळता विसळता तो म्हणाला, "रस्ता मोठा झाला त गाड्या जाईन जोरात, साहेब. पण आमी कुठं जावं?" आम्हांपाशी उत्तर नव्हते. परंतु हाच प्रश्न सव्वाशे वर्षांपूर्वी मुंबईतील आमच्या समाजबांधवांनीही विचारला असणार, याची आठवण तेवढी झाली. पुढे लोणारपर्यंतच्या वाटेवर आम्ही त्याच इतिहासाचे धागे जुळवीत बसलो.

त्या इतिहासाची सुरुवात रोगराईत आहे. 1896 सालच्या सप्टेंबरात मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासियो व्हिएगस या गोमंतकीय ख्रिस्ती डॉक्टरांना एका रोग्याच्या अंगावर गाठी दिसल्या आणि हा ग्रंथिक सन्निपात, म्हणजेच प्लेग आहे, असे त्यांनी निःशंकपणे जाहीर केले. माणसे शहर सोडून पळाली. आमच्या वस्त्यांतून, माझगावात, गिरगावात, वांद्र्यात, लोकांनी वाटावाटांवर क्रूस उभारले आणि संध्याकाळी त्यांच्यापुढे रोझरीची प्रार्थना होऊ लागली. सरकारचा उपाय अर्थातच निराळा होता. दाट वस्तीतील कोंदटपणा हे रोगाचे मूळ आहे, अशी त्या काळच्या वैद्यकाची समजूत. पिसवा आणि उंदीर यांचा संबंध तेव्हा सिद्ध झालेला नव्हता. तेव्हा हवा आत येऊ द्यायची, आणि हवा यायची तर रस्ते हवेत, या विचाराने 1898 साली कायदा होऊन 'बॉम्बे सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट' अस्तित्वात आला. स्कॉटलंडमधील ग्लासगो शहराचा नमुना त्यापुढे होता.

ट्रस्टने नागपाड्यापासून हात घातला. चौपाटीकडून पूर्वेला डोंगरीच्या दिशेने सँडहर्स्ट रोड काढला तो पश्चिमेचा समुद्रवारा दाट मोहल्ल्यांत शिरावा म्हणून. आज त्याला सरदार वल्लभभाई पटेल मार्ग म्हणतात. प्रिन्सेस स्ट्रीट, म्हणजे आजचा शामलदास गांधी मार्ग, हाही ट्रस्टचाच. या योजनेने काव्हेलचे जुने रूप पार पालटून टाकले. काव्हेल ही मुंबईतील स्थानिक ख्रिस्ती लोकांची फार जुनी वस्ती. तिचे नावच मुळी कोळ्यांच्या वाडीवरून आले असे सांगतात. आरोग्यमातेचे चर्च तेथे आजही उभे आहे. ज्या रस्त्यावर ते आहे त्याला डॉ. व्हिएगस यांचेच नाव आहे. ज्यांनी रोग ओळखला त्यांच्या नावाचा रस्ता, आणि त्या रोगाच्या निमित्ताने विरळ झालेली वस्ती, ही दोन्ही एकाच ठिकाणी असावीत हा योग चमत्कारिक खरा.

आता घरे पाडली त्यांचे काय झाले? येथे आम्हांस वाचकांचे लक्ष एका साध्या गोष्टीकडे वेधावयाचे आहे. ट्रस्ट जमीन घेई ती नुसत्या रस्त्यापुरती घेत नसे. रस्त्याच्या दोन्ही अंगांची पट्टीही ताब्यात घेई. रस्ता झाल्यावर दर्शनी भूखंडांचा भाव चढे आणि ते 99 किंवा 999 वर्षांच्या पट्ट्याने देऊन खर्च भरून काढला जाई. घरमालकास भरपाई मिळे. ती कमी वाटल्यास दाद मागण्यास न्यायासनही होते. महिन्याच्या भाड्याने राहणारा कुटुंबप्रमुख मात्र या साऱ्या हिशेबात कोठेच नव्हता. तो आपले बोचके उचलून शेजारच्या चाळीत जाई, आणि ती चाळ आणखी कोंदट होई. ट्रस्टने स्वतःच्या चाळीही बांधल्या, पण पहिल्या वर्षांत पाडण्याचा वेग बांधण्याच्या वेगाहून अधिक होता. हवा खेळावी म्हणून ज्यांची घरे पाडली, त्यांच्याच वाट्याला हवा कमी आली.

हे दोष ट्रस्टच्या अधिकाऱ्यांना दिसत नव्हते असे नाही. 1909 पासून दहा वर्षे अध्यक्ष असलेले जे. पी. ऑर यांनी घरांतील उजेडाचा प्रश्न अगदी कोनमापक घेऊन सोडविला. साडेत्रेसष्ट अंशांचा त्यांचा नियम प्रसिद्ध आहे. खिडकीपुढील मोकळी जागा समोरच्या इमारतीच्या उंचीच्या निम्मी तरी असावी, हा त्याचा सोपा अर्थ. चाळीस फूट उंच घर बांधायचे तर वीस फूट मोकळे सोडा. आज आमच्या उपनगरांत दोन इमारतींच्या खिडक्यांतून हात घालून एकमेकांना वाटीभर साखर देता येते, तेव्हा ऑरसाहेबांची आठवण कोणास होत नाही.

या नियमाला मोकळी जमीन मिळाली ती उत्तरेला, दादर–माटुंग्याला. तेथे भातशेती होती. कोळी, कुणबी आणि ख्रिस्ती कुटुंबांच्या जमिनी होत्या. त्या शेतजमिनीच्या भावाने गेल्या. रुंद रस्ते आधी आखले गेले, घरे मागाहून आली. पहिल्या महायुद्धापर्यंत भूखंड बरेचसे पडूनच होते, आणि 1920 नंतर तेथे तळमजल्यावर दोन-तीन मजले असलेल्या इमारती भराभर उठल्या. पारशी आले, दक्षिणेकडील कारकून मंडळी आली. चाळीच्या सामाईक संडासाऐवजी घरातच संडास-न्हाणी असलेला 'ब्लॉक' मराठी मध्यमवर्गाने येथेच प्रथम मोठ्या प्रमाणावर पाहिला. बाहेर विजेची ट्राम होती. 1874 ची घोड्यांची ट्राम जाऊन 1907 मध्ये विजेची आली होती. 1964 च्या मार्चअखेर ट्राम कायमची बंद झाली, पण 'दादर टी. टी.' हे नाव लोकांच्या तोंडी राहिले. त्यातील दोन अक्षरे म्हणजे 'ट्राम टर्मिनस', हे तेथे रोज बस पकडणाऱ्यांपैकी कितीजणांस ठाऊक असेल?

ज्यांना ट्रस्टचे भूखंड परवडत नव्हते त्यांनी सहकाराची वाट धरली, आणि आमच्या मते या साऱ्या कथेतील हा सर्वांत मोलाचा भाग आहे. 1915 साली श्रीपाद सुब्बराव तालमकी यांच्या पुढाकाराने गावदेवीत सारस्वतांची गृहनिर्माण संस्था उभी राहिली. पाठोपाठ 1918 मध्ये वांद्र्यात सालसेत कॅथॉलिक सहकारी गृहनिर्माण संस्था निघाली. गिरगाव-काव्हेलकडून उत्तरेस सरकणाऱ्या आमच्या कितीतरी कुटुंबांना अशा वसाहतींनी छप्पर दिले. जातीपुरते, धर्मापुरते कुंपण घातल्याचा आक्षेप या संस्थांवर घेतला जातो आणि तो अगदीच निराधार नाही. परंतु भाडेकरू म्हणून ज्याला कोणी विचारले नाही, त्याला भागधारक म्हणून मत मिळाले, हेही विसरून चालणार नाही.

1933 मध्ये ट्रस्टचे काम महापालिकेत विलीन झाले. रस्ते रुंद करण्याची जुनी युक्ती पालिकेपाशी 1888 च्या कायद्यापासून होतीच. नकाशावर रस्त्याची रेषा मारून ठेवायची, आणि जुने घर पाडून नवे बांधावयास कोणी आला की त्याला त्या रेषेच्या मागे सरकवायचे. लोक त्याला 'सेटबॅक' म्हणतात. ही पद्धत संथ खरी, पण तीत घर त्याच्या वेळेने जाते. 1991 च्या विकास नियमावलीने तीत नवा पैलू आणला. रस्त्यासाठी जागा सोडणाऱ्याला रोख रकमेऐवजी बांधकामाचा हक्क मिळू लागला, आणि तो दुसरीकडे विकता येऊ लागला. हा 'टीडीआर' मुंबई बेटावर वापरण्यास मनाई होती. तो उत्तरेला, उपनगरांत जाई. म्हणजे एखाद्या रस्त्यासाठी सोडलेली जागा दूर वांद्र्यात कोणाच्या बंगल्याच्या जागी चार वाढीव मजले होऊन उगवे. ते मजले आले, पण त्यांच्या पायथ्याचा रस्ता मात्र बैलगाडीच्या काळचाच राहिला.

भुयारी मेट्रो 3 चे काम काळबादेवी-गिरगावात सुरू झाले तेव्हा पुन्हा जुन्या इमारती पाडाव्या लागल्या. या वेळी मात्र भाडेकरूंनी ठाम मागणी केली, आणि त्याच परिसरात नव्या इमारतींतून त्यांना घरे देण्याचे ठरले. 1898 आणि ही वेळ यांतील खरा फरक आम्हांस येथे दिसतो. ही मार्गिका ऑक्टोबर 2025 मध्ये थेट कफ परेडपर्यंत सुरू झाली. काळबादेवी स्थानकातून वर आले की काव्हेलचे चर्च पायी थोड्याच अंतरावर आहे. या माणसांना 'पात्र' ठरविले ते भाडेपावत्यांनी, शिधापत्रिकांनी, कागदांनी.

लोणारहून परतताना आम्ही पुन्हा सुलतानपूरला उतरलो. टपरी उघडी होती. जागेचा काही कागद, एखादी पावती आहे का, असे आम्ही त्या म्हाताऱ्यास विचारले. त्याने स्टोव्हला पंप मारला आणि म्हणाला, "कागद कायचा, साहेब? बाप बसे इथं, आता मी बसतो." मग त्याने आमच्यापुढे दोन कप ठेवले.