वारंवार डोकं दुखतंय? गोळीआधी हिशोब मांडा

चौथ्या तासाला वर्गातलं एखादं मूल हमखास उठतं, "मॅडम, डोकं दुखतंय." मी आधी विचारते, सकाळी काय खाल्लं? बहुतेकदा उत्तर येतं, फक्त चहा. मोठ्या माणसांचंही फार वेगळं नसतं. ती फक्त किराणा दुकानातून गोळी मागवतात.

नगर तालुक्यातल्या हिवरे बाजारला आम्ही मुलांची सहल नेली होती. दुष्काळी पट्ट्यातलं हे गाव पोपटराव पवारांच्या पुढाकाराने १९९० नंतर सावरलं. (गावात मुस्लिम घर एकच, तरी त्यांच्यासाठी मशीद बांधली गेली, हे आपल्या बऱ्याच वाचकांना माहीत असेल.) तिथे दरवर्षी पाऊस मोजतात, ग्रामसभेत पाण्याचा ताळेबंद मांडतात आणि त्यावरून पिकं ठरवतात. शेतीसाठी बोअर घ्यायला बंदी आहे. बोअर घेतला की आज पाणी मिळतं, पण खालची पातळी उतरते आणि पुढच्या वर्षी आणखी खोल जावं लागतं.

डोकेदुखीच्या गोळीचंही असंच आहे. साधी वेदनाशामक गोळी महिन्यात पंधरा किंवा जास्त दिवस आणि कॅफिन वगैरे मिसळलेली गोळी दहा किंवा जास्त दिवस, असं तीन महिन्यांहून जास्त चाललं, तर गोळीमुळेच डोकं दुखू लागतं. मग दुखतं म्हणून गोळी, आणि गोळी म्हणून दुखणं. आठवड्यात दोन दिवसांपेक्षा जास्त वेळा गोळी लागत असेल, तर डॉक्टरांशी बोला. रोजची सवय असेल तर ती त्यांच्या सल्ल्यानेच सोडा. सुरुवातीचे काही दिवस दुखणं वाढतं आणि माणूस पुन्हा गोळीकडे वळतो.

म्हणून एक साधी वही करा. कधी दुखलं, किती वेळ, डोक्याच्या कुठल्या भागात, आदल्या रात्री झोप किती, जेवण कधी, पाणी किती, चहा किती, गोळी कुठली. बायकांनी पाळीची तारीखही लिहावी. महिनाभरात आपलं कारण बरेचदा आपल्यालाच दिसतं. डोक्याभोवती पट्टा आवळल्यासारखं दोन्ही बाजूंना दुखत असेल, तर ती बहुधा ताणाची डोकेदुखी. एका बाजूला ठणके, मळमळ, उजेड आणि आवाज सहन न होणं ही अर्धशिशीची लक्षणं. आपल्या घरांत तिला आधासीसी म्हणतात. ती बायकांमध्ये पुरुषांपेक्षा साधारण तिप्पट आढळते.

पाणी आणि जेवणाच्या वेळा, इथेच सगळ्यात जास्त चुकतं. शाळेतल्या मुली स्वच्छतागृहात जावं लागेल म्हणून दिवसभर पाणी पीत नाहीत. घरात अम्मी सगळ्यांचं झाल्यावर तीन वाजता जेवते. लघवी गडद पिवळी होत असेल तर पाणी कमी पडतंय असं समजा. झोपेची आणि उठण्याची वेळ सुट्टीच्या दिवशीही फार बदलू नका. रोज अर्धा तास चालणं, मोबाईल डोळ्यांसमोर धरून मान ताठ ठेवणं, हेही उपयोगी. फळा बघताना मूल डोळे बारीक करत असेल तर नंबर तपासून घ्या.

रमजानच्या पहिल्या दोन-तीन रोज्यांत दुपारनंतर डोकं धरतं, त्यामागे बरेचदा चहाच असतो. कॅफिन अचानक बंद झालं की बारा ते चोवीस तासांत दुखणं सुरू होतं. शाबानमध्येच रोज थोडा थोडा चहा कमी करा. सहेरी टाळू नका. इफ्तार ते सहेरी पाणी एकदम न पिता थोडं थोडं घ्या. अर्धशिशी फार त्रास देत असेल तर रमजानआधीच डॉक्टरांना भेटा. रिकाम्या पोटी वेदनाशामक गोळ्या पोटाला आणि किडनीला महाग पडतात.

दुखायला लागल्यावर अंधाऱ्या, शांत खोलीत पडा. कपाळावर थंड पाण्याची पट्टी ठेवा. मान आखडली असेल तर गरम शेक द्या. मळमळीला आल्याचा काढा बरा. पुदिन्याचं तेल खोबरेल तेलात मिसळून कानशिलांना लावल्याने ताणाच्या दुखण्यात काहींना आराम पडतो. ते डोळ्यांत जाऊ देऊ नका. लहान बाळाला कापूर, पुदिना किंवा निलगिरीचं तेल लावू नका. मुलांना ॲस्पिरिन देऊ नका.

मात्र काही दुखणी घरी थांबवायची नसतात. विजेसारखं अचानक उठलेलं भयंकर दुखणं, ताप आणि मान आखडणं, बोलताना जीभ अडखळणं, हात-पाय लुळे पडणं, दिसेनासं होणं, फिट येणं किंवा डोक्याला मार लागल्यानंतरचं दुखणं असेल तर लगेच दवाखाना गाठा. गरोदर बाईचं डोकं जोरात दुखून डोळ्यांपुढे अंधारी येत असेल तर रक्तदाब लगेच तपासायला हवा. पन्नाशीनंतर पहिल्यांदाच सुरू झालेली डोकेदुखी आणि मुलाला पहाटे उलट्यांसह उठवणारी डोकेदुखीही दाखवूनच घ्या. जाताना वही सोबत ठेवा.