गती आणि ताबा

पार्किन्सनला मराठीत ‘कंपवात’ म्हणतात. नाव थरथरीवरून पडले असले, तरी या आजारातील मोठे दुःख जखडलेपणाचे असते. हालचालींना चालना देणारे डोपामिन निर्माण करणाऱ्या मेंदूतील पेशी झडत जातात आणि इच्छा असूनही पाऊल उचलत नाही. झडलेल्या पेशींच्या जागी नव्या पेशी रुजवाव्यात, ही कल्पना त्यामुळेच मोहक ठरली. 1987 साली स्वीडनमधील लुंड येथे भ्रूणाच्या मेंदूतील पेशींचे रोपण झाले. पुढील वर्षांत काही रुग्णांची गती खरोखरच परतली.

तथापि आशेला पुराव्याची जोड हवी होती. 2001 साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील चाचणीत 40 रुग्ण होते. त्यांपैकी 20 जणांत पेशी रोपल्या गेल्या. उरलेल्यांच्या कवटीला केवळ छिद्रे पाडण्यात आली. साठीच्या आतील रुग्णांना थोडा लाभ झाला. मात्र रोपण झालेल्यांपैकी सुमारे 15 टक्के रुग्णांत, औषध कमी वा बंद करूनही, अनावर हालचाली सुरू राहिल्या. 2003 सालच्या दुसऱ्या चाचणीत हे प्रमाण निम्म्याहून अधिक निघाले.

लेव्होडोपा या औषधानेही असे हेलकावे येतात, पण मात्रा घटवली की ते ओसरतात. रुजलेली पेशी मात्र परत घेता येत नाही. रोपात मिसळलेल्या सेरोटोनिनच्या पेशी हे यामागील एक कारण असावे, असे 2010 साली लंडनच्या संशोधकांनी दोन रुग्णांच्या अभ्यासातून दाखवले. त्यावरील औषधाने त्या रुग्णांच्या हालचाली कमीही झाल्या.

अशा अनावर हालचालींच्या एका प्रकाराला वैद्यक ‘कोरिया’ म्हणते. त्याच्या मुळाशी असलेल्या ग्रीक शब्दाचा अर्थ नृत्य. या नावात एक विपर्यास दडला आहे, आणि तो पुण्यात विशेष जाणवतो. येथे ऋषिकेश पवार यांनी पार्किन्सनच्या रुग्णांसाठी समकालीन नृत्याचे वर्ग चालवले. त्या वर्गातील हात थरथरत का होईना, पण स्वेच्छेने उठतो. ‘कोरिया’त शरीर नाचते आणि माणूस बाजूला उभा राहून पाहतो. गती मिळणे आणि गतीवर ताबा मिळणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत. वैद्यकाला हा भेद रुग्णांच्या शरीरांनी शिकवला.

तो शिकूनच पुढचे पाऊल पडले. 2025 साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकी चाचणीत मूलपेशींपासून घडवलेल्या पेशी 12 रुग्णांत रोपल्या गेल्या. रोपणजन्य अनावर हालचाली त्यात आढळल्या नाहीत. अर्थात, बारा जणांच्या अनुभवावर उपचार उभा राहत नाही. भारतातही 2017 च्या राष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांनुसार पार्किन्सनसाठी मूलपेशींचा वापर मान्यताप्राप्त चाचणीपुरताच आहे. थकलेल्या कुटुंबाला हा विलंब निर्दय वाटेल. पण ज्यांच्या शरीरात न थांबणारी गती रुजली, त्यांनी त्या विलंबाची किंमत आधीच चुकती केली आहे.