दुवा कुठे तुटला?

१८७० हे साल खामगावच्या इतिहासात महत्त्वाचे आहे. त्या वर्षी व्हाइसरॉय लॉर्ड मेयो यांच्या हस्ते जलंब-खामगाव या रेल्वेशाखेचे उद्घाटन झाले. लांबी जेमतेम तेरा किलोमीटर. पण अमेरिकेतील यादवी युद्धाच्या काळात (१८६१-६५) तिकडचा कापूस इंग्लंडला मिळेनासा झाला होता आणि वऱ्हाडच्या कापसाला एकाएकी मागणी आली होती. खामगाव ही त्या कापसाची मोठी बाजारपेठ. बैलगाडीतून येणारा माल आता रुळांवरून थेट मुंबईला जाऊ लागला.

त्याच वर्षी आणखी एक दुवा जोडला गेला. समुद्राच्या तळाशी टाकलेल्या तारेने मुंबई ही एडन व सुएझमार्गे लंडनला जोडली गेली. त्याआधी १८६५ पासून तुर्कस्तानातून येणारी खुष्कीची तार होती. परंतु संदेशाला दिवसचे दिवस लागत आणि वाटेत हातोहात फिरून मजकूर पार बिघडून जाई. माल जायला रूळ आणि भाव कळायला तार, अशा दोन दुव्यांवर वऱ्हाडचा व्यापार उभा राहिला. साहजिकच, तार बंद पडली की ती कुठे बंद पडली हे शोधणे हे एक स्वतंत्र कसब बनले.

आज खामगावच्या एखाद्या शाळेत शिक्षक लॅपटॉप उघडतात, आणि बिनतारी माऊस हलत नाही किंवा स्पीकर जोडला जात नाही. तास पस्तीस-चाळीस मिनिटांचा, त्यातली दहा मिनिटे यातच जातात. मग कोणीतरी सुचवते, "बंद करून पुन्हा चालू करा." कोणी म्हणते, "जवळ आणून बघा." कधी उपाय लागू पडतो, कधी नाही. का पडला आणि का नाही, हे कळत नसल्यामुळे तो मंत्रासारखा पाठ होतो. गंमत अशी, की यातल्या प्रत्येक उपायाला स्वतःचा इतिहास आहे. तो समजला की मंत्र मागे पडतो आणि विचार करायला जागा मिळते.

तारवाल्यांची रीत

समजा, खामगावहून भुसावळला संदेश जात नाही. मध्ये जलंब, नांदुरा, मलकापूर, बोदवड अशी ठाणी आहेत. सगळी तार पायी तपासत जाणे हा एक मार्ग झाला. शहाणा तारवाला आधी विचारील, मलकापूरपर्यंत संदेश पोचतो का? पोचत असेल तर खामगाव ते मलकापूर हा सगळा भाग निर्दोष ठरला. मग उरलेल्या भागाच्या मध्यावर तोच प्रश्न. प्रत्येक प्रश्नाला शोधायचा भाग निम्मा होतो. सोळा टप्प्यांची तार असेल तर चार प्रश्नांत सदोष टप्पा सापडतो.

दुसरी रीत मोजमापाची. तारेवर ओली फांदी पडून वीज जमिनीत उतरत असेल, तर आपल्या टोकापासून तिथपर्यंतच्या तारेचा विद्युत रोध मोजता येतो. किलोमीटरला ८ ओहम रोध असेल आणि मोजणीत २४० ओहम आले, तर फांदीचा व जमिनीचा रोध सोडून दिल्यास दोष ३० किलोमीटरवर आहे. या मोजणीसाठी व्हीटस्टन ब्रिज वापरत. आपल्या प्रयोगशाळेतला मीटर ब्रिज त्याचाच भाऊबंद.

या रीतीकडे दुर्लक्ष केले तर काय होते, याचे उदाहरण १८५८ चे आहे. अटलांटिक महासागराखालची पहिली तार क्षीण संदेश देऊ लागली तेव्हा व्हाइटहाउस या अधिकाऱ्याने तिच्यावर सुमारे २००० व्होल्टचा दाब दिला. आधीच दुबळी असलेली ती तार तीन आठवड्यांत कायमची निकामी झाली. जोर लावला म्हणून दोष जात नाही. माऊस चालत नाही म्हणून तो टेबलावर आपटणाऱ्यांनीही हे लक्षात ठेवावे.

टिचकी मारणारे यंत्र

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तारेवाचून संदेश जाऊ लागले. लहरी ओळखण्यासाठी तेव्हा 'कोहिरर' नावाचे साधन वापरत. काचेच्या नळीत धातूचा कीस भरलेला असे. एरवी त्यातून वीज जवळजवळ वाहत नसे. रेडिओलहर आली की कण एकमेकांना चिकटत, वीज वाहू लागे आणि घंटा वाजे.

मात्र लहर गेली तरी कण चिकटलेलेच राहत. मग पुढची लहर आलेली कळणार कशी? म्हणून नळीला प्रत्येक खुणेनंतर टिचकी मारावी लागे. कण सुटे होत आणि यंत्र पुन्हा ऐकायला तयार होई. ऑलिव्हर लॉज यांनी १८९४ मध्ये ही टिचकी यंत्राकडूनच मारण्याची सोय केली. आपल्याकडे जगदीशचंद्र बोस यांनी १८९५ मध्ये कलकत्त्यात भिंतीपलीकडची घंटा लहरींनी वाजवून दाखवली. पुढे १८९९ मध्ये त्यांनी रॉयल सोसायटीपुढे टिचकीवाचून आपोआप पूर्वस्थितीला येणाऱ्या कोहिररविषयी निबंध मांडला.

बंद करून पुन्हा चालू करणे ही तीच टिचकी आहे. लॅपटॉपमधील एखादा प्रोग्राम न आलेल्या उत्तराची वाट पाहत अडकून बसतो, किंवा स्पीकर जोडलेलाच आहे अशी जुनी नोंद धरून राहतो. यंत्र बंद केल्याने ही चालू स्मृती पुसली जाते आणि ते ठाऊक असलेल्या आरंभस्थितीपासून सुरुवात करते. इथे एक बारकावा आहे. विंडोज ८ पासून (२०१२) लॅपटॉप लवकर सुरू व्हावा म्हणून 'शट डाउन' करताना आतल्या स्थितीचा काही भाग जपून ठेवण्याची सोय आली. ती चालू असेल तर शट डाउनने कण पूर्ण सुटे होत नाहीत. म्हणून अशा वेळी 'रीस्टार्ट' करावे.

बोलणारा एकीकडे, ऐकणारा दुसरीकडे

१९२७ मध्ये हिंदुस्थान आणि इंग्लंड यांच्यात 'बीम' बिनतारी सेवा सुरू झाली. तिचे प्रक्षेपण केंद्र पुण्याजवळ खडकीला होते, तर ग्रहण केंद्र दौंडला, सत्तर-ऐंशी किलोमीटर दूर. एकाच आवारात दोन्ही का ठेवली नाहीत? हजारो किलोमीटरवरून येणारी लहर अत्यंत क्षीण असते. शेजारीच आपला प्रक्षेपक गरजत असेल तर ती ऐकू येणार नाही. बँडच्या शेजारी उभे राहून कुजबुज ऐकण्यासारखेच ते.

लॅपटॉपवर हा प्रसंग रोज घडू शकतो. काही बिनतारी माऊसबरोबर यूएसबीत बसवायचा नखाएवढा ग्राहक येतो. त्याच्या शेजारच्या खाचेत यूएसबी ३ जातीची हार्ड डिस्क लावली, की माऊस अडखळू लागतो. अशा जोडणीतून २.४ गिगाहर्ट्झच्या आसपास रेडिओ गोंगाट बाहेर पडतो, हे इंटेल कंपनीने २०१२ मधील टिपणात मोजून दाखवले आहे. उपाय खडकी-दौंडचाच: दोघांना दूर करा. ग्राहक लॅपटॉपच्या दुसऱ्या बाजूला लावा, किंवा यूएसबीची हातभर वायर लावून त्याला पुढे आणा.

मोकळ्या मैदानातली गर्दी

हा २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा इतका गजबजलेला का? १९३३ च्या कायद्याप्रमाणे हिंदुस्थानात बिनतारी यंत्र जवळ बाळगायलाही परवाना लागे. रेडिओसाठी पोस्टात जाऊन लायसन्सचे पैसे भरलेले अनेकांना आठवत असेल. जगभर लहरींची अशीच वाटणी होती. १९४७ च्या आंतरराष्ट्रीय परिषदेत काही पट्टे उद्योग, विज्ञान व वैद्यक यांच्या यंत्रांसाठी बाजूला ठेवले गेले. मायक्रोवेव्ह भट्टी याच पट्ट्यात, २.४५ गिगाहर्ट्झवर चालते. गोंगाटामुळे हा पट्टा दळणवळणाला निरुपयोगी समजला जाई. १९८५ मध्ये अमेरिकेने तो कमी शक्तीच्या यंत्रांना विनापरवाना खुला केला. भारताने जानेवारी २००५ मध्ये २४०० ते २४८३.५ मेगाहर्ट्झचा पट्टा परवानामुक्त केला. ज्या जागेला गिऱ्हाईक नव्हते तिथे वाय-फाय, ब्लूटूथ, माऊस, खेळणी अशी जत्रा भरली.

जत्रेत बोलणे ऐकू यावे यासाठी दोन जुन्या युक्त्या कामी आल्या. १९७१ मध्ये हवाई विद्यापीठात नॉर्मन अब्रॅमसन व सहकाऱ्यांनी बेटांवरील संगणक रेडिओने जोडले. दोन संदेश एकमेकांवर आदळले तर पोच येत नसे. मग प्रत्येकाने थोडा वेळ थांबून पुन्हा पाठवायचे. किती थांबायचे हे मात्र यदृच्छेने ठरे. नाहीतर दोघे पुन्हा एकदमच बोलले असते. दुसरी युक्ती वारंवारता भराभर बदलण्याची. तिचे एक पेटंट हेडी लमार ही अभिनेत्री आणि जॉर्ज अँथील हा संगीतकार यांना १९४२ मध्ये मिळाले होते. स्वीडनमधील एरिक्सन कंपनीत १९९४ मध्ये सुरू झालेल्या कामातून ब्लूटूथ जन्मले. त्याच्या मूळ पद्धतीत दोन्ही यंत्रे ७९ वारंवारतांवर सेकंदाला १६०० उड्या मारतात, दोघे एकाच क्रमाने. २००३ पासून गजबजलेल्या वारंवारता टाळण्याची सोयही त्यात आली.

तरीही मर्यादा आहेत. माऊसची शक्ती वॉटच्या काही हजारांश भागाएवढी, तर भट्टीची शेकडो वॉट. तिच्यातून झिरपणारा अल्पांशही जवळच्या माऊसला भारी पडू शकतो. शिवाय या लहरींची लांबी सुमारे १२.५ सेंटिमीटर असते. लोखंडी कपाट त्यांना परतवते आणि पाणी शोषून घेते. माणसाच्या शरीरात पाणीच अधिक, त्यामुळे मध्ये बसलेला वर्गही एक पडदाच असतो.

दोन वह्यांतला हिशेब

खामगावच्या बाजारात व्यवहाराची नोंद देणाऱ्याच्या आणि घेणाऱ्याच्या, अशा दोन्ही वह्यांत होई. एका वहीतले पान फाटले तर व्यवहार अडे. ब्लूटूथची जोडी लावताना असेच घडते. लॅपटॉप व स्पीकर मिळून एक गुप्त किल्ली ठरवतात आणि ती दोघांच्या स्मृतीत जपली जाते. पुढच्या भेटीत तिच्यावरूनच ओळख पटते.

स्पीकर मूळ स्थितीला नेला असेल किंवा लॅपटॉपवर नव्याने विंडोज घातले असेल, तर एका वहीतली नोंद जाते. यादीत नाव दिसते, पण जोडणी होत नाही. अशा वेळी 'कनेक्ट' कितीदाही दाबले तरी व्यर्थ. राहिलेली नोंदही काढून टाकावी आणि जोडी नव्याने लावावी. इथे नुसती टिचकी पुरत नाही, कारण किल्ली यंत्र बंद केल्यावरही टिकणाऱ्या स्मृतीत असते.

प्रश्नांचा क्रम

आता तारवाल्याच्या रीतीने प्रश्न लावून पाहू.

१. मध्यावरचा प्रश्न: हाच स्पीकर दुसऱ्या फोनला जोडला जातो का? जात असेल तर स्पीकर निर्दोष, दोष लॅपटॉपकडे किंवा त्या दोघांच्या नोंदीत. जात नसेल तर त्याची बॅटरी आणि बटण पाहा.

२. लॅपटॉपला दुसरे एखादे ब्लूटूथ यंत्र जोडले जाते का? नसेल तर ब्लूटूथ चालू आहे का, विमान-प्रवासाची खूण दाबली गेली आहे का, आणि ड्रायव्हर, म्हणजे यंत्र व संगणक यांच्यातला दुभाषी प्रोग्राम, जागेवर आहे का, हे पाहा.

३. स्पीकर आधीच कोणाच्या खिशातल्या फोनला जोडलेला नाही ना? शाळेत हे फार घडते.

४. माऊस कोणत्या जातीचा? स्वतःचा ग्राहक घेऊन आलेला माऊस ब्लूटूथच्या यादीत शोधूनही सापडणार नाही.

५. दोन्ही वह्यांतली नोंद जुळते का?

६. जोडले जाते पण तुटते? मग अंतर, आडोसा आणि गोंगाट तपासा.

एका वेळी एकच गोष्ट बदलावी आणि परिणाम पाहावा. चार गोष्टी एकदम बदलल्या आणि यंत्र चालू झाले, तर तास वाचेल पण कारण कळणार नाही. कारण न कळल्यामुळे चांगली यंत्रे 'बिघडली' म्हणून कपाटात पडतात किंवा भंगारात जातात. जिथे शाळेने वर्गणी काढून एखादा स्पीकर घेतलेला असतो, तिथे हे नुकसान लहान नाही.

वर्गात करून पाहा

फोनवरून ब्लूटूथ स्पीकरवर एखादे गाणे लावा. फोन घेऊन एका विद्यार्थ्याला दूर चालत जाऊ द्या आणि आवाज तुटू लागेपर्यंतची पावले मोजा. मग मध्ये दहा मुलांची रांग उभी करा. नंतर फोन झाकणाच्या स्टीलच्या डब्यात ठेवा. प्रत्येक वेळी काय होईल याचा अंदाज मुलांनी आधी वहीत लिहावा. डब्यात ठेवल्यावर आवाज पूर्ण थांबेलच असे नाही. झाकणाच्या फटीतून लहरी निसटतात. भिंतीवरून परतलेल्या लहरीही स्पीकरला गाठतात, त्यामुळे मैदानात आणि वर्गात पावलांचे आकडे वेगळे येऊ शकतात. ते का वेगळे आले, यावर वर्गाचा एक तास सहज रंगेल.

भारतातली तारसेवा जुलै २०१३ मध्ये बंद झाली. मलकापूरपर्यंत पोचते का, हा प्रश्न मात्र अजून कामाचा आहे, आणि तो सातवीतल्या मुलालाही विचारता येतो.