परत जाणार ना? विद्यार्थी व्हिसामागच्या एका प्रश्नाचा इतिहास

आजचा विषय तसा घराघरातला आहे. आपल्या ओळखीत कुणाची तरी मुलगी, कुणाचा तरी भाचा अमेरिकेला शिकायला निघालेला असतो. ॲडमिशन झालेली असते, बँकेचं कर्ज मंजूर असतं, आणि तरी घरात कुणाला चैन नसतं, कारण व्हिसाची मुलाखत बाकी असते. काही मिनिटांच्या त्या मुलाखतीत प्रश्न बरेच येतात. पण त्यांच्या मुळाशी एक प्रश्न असतो : शिक्षण संपल्यावर तू परत जाणार ना? आज आपण या एका प्रश्नाचा इतिहास बघू. हा प्रश्न व्हिसापेक्षा जुना आहे. काळानुसार बदलत गेला, तो विचारणारा.

सुरुवात आनंदीबाई जोशींपासून करू. एप्रिल १८८३ मध्ये त्या कलकत्त्याहून बोटीने निघाल्या, फिलाडेल्फियाच्या महिला वैद्यकीय महाविद्यालयात शिकायला. त्यांना व्हिसा लागला नाही. आदल्याच वर्षी अमेरिकेने चिनी मजुरांना बंदी करणारा कायदा केला होता, पण तो हिंदुस्थानातून जाणाऱ्यांना लागू नव्हता. मग त्यांची अडवणूक कुणी केली? आपल्याच लोकांनी. समुद्र ओलांडला की धर्म बुडतो, ही समजूत होती. म्हणून निघण्याआधी, फेब्रुवारीत, बंगालमधल्या सेरामपूरच्या कॉलेजात त्यांनी जाहीर भाषण केलं. आपण का जातो आहोत हे सांगितलं, आणि हिंदू म्हणून जाऊ, हिंदू म्हणूनच परत येऊ, अशी ग्वाही दिली. म्हणजे बघा, मुलाखत झालीच होती. फक्त ती समाजाने घेतली, आणि तीही सतरा वर्षांच्या मुलीची. १८८६ मध्ये त्या डॉक्टर झाल्या आणि परत आल्या. कोल्हापूरच्या इस्पितळात त्यांच्यासाठी जागाही ठरली होती. पण क्षयाने गाठलं आणि फेब्रुवारी १८८७ मध्ये पुण्यात त्या गेल्या.

आता तीस वर्षं पुढे येऊ. १९१३ साली भीमराव आंबेडकर न्यूयॉर्कला कोलंबिया विद्यापीठात गेले. बडोदा संस्थानची शिष्यवृत्ती होती, दरमहा साडेअकरा पौंड, तीन वर्षांसाठी. बदल्यात त्यांनी करार लिहून दिला : शिक्षणानंतर दहा वर्षं संस्थानची नोकरी करीन. इथे 'परत येणार ना' हे विचारणारा होता शिष्यवृत्ती देणारा संस्थानिक, आणि उत्तर सहीनिशी द्यायचं होतं.

बाबासाहेबांनी शब्द पाळला. १९१७ मध्ये लंडनचा अभ्यास अर्धा टाकून ते बडोद्याला रुजू झाले. पुढचं आपल्याला ठाऊक आहे. शहरात राहायला खोली मिळेना. पारशी धर्मशाळेत नाव बदलून राहावं लागलं, तिथूनही जमावाने बाहेर काढलं. ज्याच्याकडून परतीचा करार लिहून घेतला, तो परत आल्यावर त्याला राहायला जागा नव्हती. हा प्रसंग लक्षात ठेवा, शेवटी आपण त्याच्याकडे येणार आहोत.

त्याच १९१७ च्या फेब्रुवारीत अमेरिकेने नवा कायदा केला. आशियाचा मोठा पट्टा आखला आणि तिथल्या लोकांना प्रवेश बंद केला. हिंदुस्थान त्या पट्ट्यात होता. अपवाद मोजके, आणि त्यांत एक विद्यार्थी. १९२३ मध्ये भगतसिंग थिंड खटल्यात तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की हिंदी माणसाला अमेरिकेचं नागरिक होता येणार नाही. १९२४ च्या कायद्याने विद्यार्थ्याची व्याख्या ठरवली : वय किमान पंधरा, येण्याचा हेतू फक्त शिक्षण, आणि संस्था सरकारमान्य. आपल्यासाठी विद्यार्थी व्हिसा जन्माला आला तो असा, बंद दाराला ठेवलेली फट म्हणून. या आणि शिका. राहू मात्र नका.

१९४६ मध्ये हिंदी लोकांना नागरिकत्वाचा हक्क मिळाला, आणि वर्षाला शंभर माणसांचा कोटा. मग आला १९५२ चा कायदा. आजचा एफ-१ व्हिसा याच कायद्यातला. त्यात विद्यार्थ्याला अट आहे : मायदेशी त्याचं घर हवं, आणि ते सोडून देण्याचा इरादा नको. शिवाय कलम २१४(ब) म्हणतं की समोरचा माणूस कायमचा राहायलाच आला आहे असं गृहीत धरा. तसं नाही हे त्याने पटवून द्यायचं. म्हणजे खिडकीपाशी उभ्या मुलावर पहिल्या क्षणापासून शंका असते, आणि ती कायद्यानेच घेतलेली असते.

गंमत पुढे आहे. १९६५ मध्ये अमेरिकेने देशवार जुना कोटा काढला आणि शिकलेल्या, कुशल माणसांसाठी दार उघडलं. परत जाणार असं सांगून गेलेले कितीतरी इंजिनियर, डॉक्टर तिथेच राहिले. ते सगळे खोटं बोलले होते का? आम्हाला तसं वाटत नाही. प्रश्न अर्ज करतानाच्या इराद्याचा असतो, आणि बावीस वर्षांच्या मुलाला दहा वर्षांनंतरचं काय ठाऊक? शिवाय पदवीनंतर काही काळ काम करण्याची परवानगी तेच सरकार देतं. एका खिडकीवर विचारायचं 'जाणार ना', आणि दुसऱ्या खिडकीवर म्हणायचं 'थोडं थांबा'.

हे सगळं आज का सांगायचं? कारण नकार मिळालेली मुलं खचतात. आपल्यात काही कमी होतं, असं त्यांना वाटतं. २१४(ब) खाली आलेला नकार गुणवत्तेवरचा निकाल नसतो. कायद्याने धरलेली शंका त्या दिवशी फिटली नाही, एवढाच त्याचा अर्थ. त्यावर अपील नाही, पण पुन्हा अर्ज करता येतो. खोटी कागदपत्रं जोडणं मात्र वेगळी गोष्ट. त्याने दार कायमचं बंद होऊ शकतं.

आणि दुसरी बाजू आपली. आनंदीबाईंची कोल्हापुरात वाट पाहिली जात होती. बाबासाहेबांना बडोद्यात खोली मिळाली नाही. 'परत येणार ना' हे आपणही मुलांना विमानतळावर विचारतो. मग आल्यावर त्यांना इथे काय मिळणार आहे, याचं उत्तर आपल्यालाच द्यायचं आहे.

आता आपले प्रश्न घेऊ.