ग्रामीण भारतातील चयापचय आरोग्य

ग्रामीण भारतातील चयापचय आरोग्य हा सार्वजनिक आरोग्यशास्त्रातील एक अभ्यासविषय आहे. खेड्यांतील प्रौढ व्यक्तींची रक्तशर्करा, रक्तदाब, रक्तातील मेद व पोटावरील चरबी यांची स्थिती आणि आहार, श्रम, झोप व व्यसने यांच्याशी असलेला तिचा संबंध यांचा त्यात विचार होतो. मधुमेह व उच्च रक्तदाब हे शहरातील सुखवस्तू माणसांचे आजार आहेत, असा समज दीर्घकाळ रूढ होता. अलीकडील सर्वेक्षणांनी तो फोल ठरवला आहे. सडपातळ बांधा आणि शेतातील कष्ट एवढ्यावरून कोणी या विकारांपासून सुरक्षित आहे, असे मानता येत नाही.

संकल्पना व निकष

अन्नापासून ऊर्जा मिळवणे, ती साठवणे व गरजेप्रमाणे वापरणे यांसाठी शरीरात सतत चालणाऱ्या रासायनिक क्रियांना चयापचय म्हणतात. स्वादुपिंडात तयार होणारे इन्सुलिन हे संप्रेरक रक्तातील साखर पेशींमध्ये शिरण्यास मदत करते. पेशी त्याला पुरेसा प्रतिसाद देईनाशा झाल्या, की त्या अवस्थेला इन्सुलिन-प्रतिरोध म्हणतात. त्यातून उद्भवणाऱ्या, एकत्र आढळणाऱ्या दोषांच्या समूहाला चयापचय संलक्षण असे नाव आहे. २००९ साली अनेक आंतरराष्ट्रीय संस्थांनी मिळून मान्य केलेल्या व्याख्येनुसार पुढील पाचपैकी कोणतेही तीन निकष लागू पडल्यास हे संलक्षण आहे असे मानतात. त्यांतील कमरेच्या घेराची मर्यादा दक्षिण आशियाई लोकांसाठीची आहे.

• कमरेचा घेर : पुरुषांत ९० सेंमी किंवा अधिक, स्त्रियांत ८० सेंमी किंवा अधिक
• ट्रायग्लिसराइड : १५० मिग्रॅ प्रति डेसिलिटर किंवा अधिक
• एचडीएल कोलेस्टेरॉल : पुरुषांत ४० पेक्षा कमी, स्त्रियांत ५० मिग्रॅ प्रति डेसिलिटरपेक्षा कमी
• रक्तदाब : वरचा १३० किंवा खालचा ८५ मिमी किंवा अधिक
• उपाशीपोटी रक्तशर्करा : १०० मिग्रॅ प्रति डेसिलिटर किंवा अधिक

प्रमाण

भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या ‘इंडियाब’ या सर्वेक्षणात २००८ ते २०२० या काळात देशभरातील १,१३,०४३ प्रौढांची पाहणी झाली. त्यांपैकी ७९,५०६ जण ग्रामीण भागातील होते. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार मधुमेहाचे प्रमाण शहरांत १६.४ टक्के, तर खेड्यांत ८.९ टक्के होते. मात्र पूर्वमधुमेहाचे, म्हणजे रक्तशर्करा वाढलेली असूनही ती मधुमेहाच्या मर्यादेपर्यंत न पोहोचल्याच्या अवस्थेचे, प्रमाण दोन्हीकडे सुमारे १५ टक्के आढळले. आज मधुमेहात शहरे पुढे असली, तरी उद्याच्या मधुमेहींच्या बाबतीत गाव व शहर यांत फारसा फरक नाही, असा याचा अर्थ होतो. २०११ च्या जनगणनेनुसार देशातील सुमारे ६९ टक्के लोक खेड्यांत राहत होते. त्यामुळे टक्केवारी कमी असली तरी ग्रामीण रुग्णांची प्रत्यक्ष संख्या मोठी ठरते.

कृश देह व छुपी चरबी

या विषयातील एक महत्त्वाचे संशोधन महाराष्ट्रात झाले. पुण्यातील केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ साली पुण्याजवळील सहा गावांत माता-पोषणाचा दीर्घकालीन अभ्यास सुरू केला. तेथील नवजात बालकांचे सरासरी वजन सुमारे २.७ किलो, तर तुलनेसाठी घेतलेल्या इंग्लंडमधील साउदॅम्प्टन येथील बालकांचे सुमारे ३.५ किलो होते. पुण्याजवळील बालकांचे स्नायू व पोटातील अवयव तुलनेने बरेच लहान होते. पाठीवरील त्वचेखालची चरबी मात्र त्या मानाने फारशी कमी नव्हती. यातून ‘कृश पण चरबीयुक्त’ भारतीय ही संकल्पना पुढे आली.

२००४ साली ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात डॉ. याज्ञिक व ब्रिटिश संशोधक जॉन युडकिन यांची तुलना प्रसिद्ध झाली. दोघांचाही शरीर वस्तुमान निर्देशांक २२.३ होता, परंतु शरीरातील चरबी युडकिन यांच्यात ९.१ टक्के, तर याज्ञिक यांच्यात २१.२ टक्के भरली. वजनकाट्यावर न दिसणारी ही चरबी पोटात साठली, की इन्सुलिनच्या कार्यात अडथळा येतो. म्हणूनच भारतीयांसाठी केवळ वजनापेक्षा कमरेचा घेर मोजणे अधिक उपयुक्त मानले जाते. गर्भावस्थेत अपुरे पोषण आणि प्रौढपणी अन्नाची मुबलकता, असा क्रम ज्यांच्या वाट्याला आला त्यांना हा धोका अधिक संभवतो.

जीवनशैलीतील घटक

आहार

ज्वारी, बाजरी व नाचणी ही महाराष्ट्राच्या निरनिराळ्या भागांतील पारंपरिक धान्ये होत. हरितक्रांती व सार्वजनिक वितरण व्यवस्था यांमुळे गहू व तांदूळ घरोघरी पोहोचले. त्याने उपासमार आटोक्यात आली, पण ताटातील विविधता घटली. पुढे स्वस्त तेल, साखर, बिस्किटे व फरसाण यांची त्यात भर पडली.

तथापि, केवळ धान्य बदलणे पुरेसे नाही. ‘इंडियाब’च्या २०२५ साली प्रसिद्ध झालेल्या आहारविषयक विश्लेषणानुसार भारतीयांना सुमारे ६२ टक्के ऊर्जा कर्बोदकांतून मिळते. त्यांचे एकूण प्रमाण तेवढेच ठेवून पांढऱ्या तांदळाऐवजी अख्खा गहू किंवा भरडधान्ये घेतल्याने धोका घटल्याचे दिसले नाही. कर्बोदकांचा काही भाग कमी करून त्याजागी डाळी, कडधान्ये, दूध-दही यांतील प्रथिने घेणाऱ्यांत मात्र धोका कमी आढळला. म्हणजेच पोळीच्या जागी भाकरी आली, पण आमटी पातळच राहिली, तर फारसा लाभ होत नाही.

श्रम

नांगर, मळणी, जाते व विहिरीचे पाणी यांची जागा ट्रॅक्टर, मळणीयंत्र, पिठाची गिरणी व नळ यांनी घेतली. जवळच्या अंतरासाठीही दुचाकी वापरली जाऊ लागली. हा बदल सर्वांच्या बाबतीत सारखा नाही. बागायतदाराचे श्रम पुष्कळ घटले, तर खुरपणी व कापणी करणाऱ्या मजूर स्त्रियांचे कष्ट बव्हंशी कायम आहेत. कोरडवाहू भागात कामे हंगामी असल्याने वर्षातील काही महिने हालचाल कमी होते.

तंबाखू व झोप

२०१६–१७ च्या जागतिक प्रौढ तंबाखू सर्वेक्षणानुसार महाराष्ट्रात धूरविरहित तंबाखूचे सेवन २४.४ टक्के, तर धूम्रपान ३.८ टक्के प्रौढांत आढळले. गुटख्यावर राज्यात २०१२ पासून बंदी आहे. परंतु तंबाखू मळून खाणे व स्त्रियांमधील मिश्रीची सवय टिकून आहे. निकोटिनमुळे रक्तदाब वाढतो. अपुऱ्या झोपेमुळेही इन्सुलिनला मिळणारा प्रतिसाद मंदावतो. कृषिपंपांना रात्रीच्या पाळीत वीज मिळते तेथे पिकाला पाणी देण्यासाठी शेतकऱ्यांना जागावे लागते.

परिणाम व निदान

हे विकार आरंभी दुखत-खुपत नाहीत, त्यामुळे तपासणी लांबते. मधुमेहात पायांची संवेदना कमी झाल्यावर अनवाणी चालताना बोचलेला काटा कळत नाही. जखम चिघळून पाय गमावण्याची वेळ येऊ शकते. हृदयविकार, पक्षाघात, मूत्रपिंडाचे विकार व अंधत्व हे अन्य गंभीर परिणाम होत. घरातील कर्ता माणूस अंथरुणाला खिळल्यास उपचारांचा खर्च व बुडालेली मजुरी असा दुहेरी भार कुटुंबावर पडतो.

केंद्र शासनाने २०१० साली असंसर्गजन्य रोगांसाठी राष्ट्रीय कार्यक्रम सुरू केला. त्यानुसार तीस वर्षे व त्यावरील व्यक्तींची तपासणी अपेक्षित आहे. आशा कार्यकर्त्या घरोघरी वय, व्यसने, कमरेचा घेर, व्यायाम व कौटुंबिक इतिहास यांची माहिती भरून घेतात व गरजूंना उपकेंद्रात वा प्राथमिक आरोग्य केंद्रात पाठवतात. तपासणीसाठी रोजगार बुडणे आणि बरे वाटू लागताच गोळ्या बंद करणे या त्यातील नित्याच्या अडचणी आहेत.

प्रतिबंध

पूर्वमधुमेह परतवता येऊ शकतो. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या भारतीय मधुमेह प्रतिबंध कार्यक्रमात ५३१ व्यक्तींचा सुमारे तीन वर्षे पाठपुरावा करण्यात आला. आहार व चालण्याचा सल्ला मिळालेल्या गटात मधुमेहाचा सापेक्ष धोका २८.५ टक्क्यांनी घटला. हा प्रयोग शहरी नोकरदारवर्गात झाला होता. खेड्यात तोच सल्ला शेतीचा हंगाम, घरचे धान्य व मजुरीची वेळ यांना जुळवून घ्यावा लागतो. जागतिक आरोग्य संघटना आठवड्यातून किमान १५० मिनिटे मध्यम श्रम आणि दिवसाला पाच ग्रॅमपेक्षा कमी मीठ अशी शिफारस करते. शेतातील कामही अशा श्रमांत धरले जाते. मात्र ते वर्षभर नियमित असणे आवश्यक आहे.

हेही पहा

• मधुमेह
• उच्च रक्तदाब
• भरडधान्ये
• प्राथमिक आरोग्य केंद्र